१८५१ धाटणीच्या रिव्हॉल्वर प्रतिकृतीसाठी साधं चामडी होल्स्टर: कोणतं घ्यावं?

रंगपट_अमळनेर
नमस्कार मंडळी. आमच्या नाट्यमंडळासाठी १८५१ च्या कोल्ट नेव्ही धाटणीची प्रतिकृती घेतली आहे. गोळी उडत नाही, अंग जस्ताच्या मिश्रधातूचं, चापाभोवतीची कडी आणि मुठीची पट्टी पितळी रंगाची. अष्टकोनी नळी साडेसात इंच, वजन किलोच्या वर. नाटक १८५८ चं, सातपुड्यातलं, भिल्लांचे नायक खाज्या नाईक यांच्या लढ्यावर, अंबापाणीची लढाई त्यातच. रिव्हॉल्वर कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला असेल. नाटक संपल्यावर ते काचेच्या कपाटात ठेवायचं आहे.

ऑनलाइन जी होल्स्टरं (रिव्हॉल्वर ठेवायची चामडी म्यानं) दिसतात त्यांत बहुतेक नक्षीकाम, गोळ्यांचे खण असलेला पट्टा आणि मांडीला बांधायची दोरी. मला एकदम साधं हवं आहे. विकतचं घ्यावं की इथेच शिवून घ्यावं? कोणतं चामडं, किती जाड, झाकण असावं की नसावं? जाणकारांनी सांगावं.

जुनी_शस्त्रे
आधी काळाचं बघू, कारण त्यावर बाकी सगळं ठरतं. रिव्हॉल्वर बरोबर निवडलंत. कोल्टने १८५३ मध्ये लंडनला कारखाना काढला होता, क्रिमियन युद्धात इंग्रज सरकारने हीच नेव्ही रिव्हॉल्वरं हजारोंनी विकत घेतली. त्यामुळे १८५८ च्या अधिकाऱ्याकडे ती असणं पटण्यासारखं आहे. ॲडम्सचं (इंग्रजी बनावटीचं) रिव्हॉल्वर जास्त शोभलं असतं, पण त्याची प्रतिकृती सहज मिळत नाही.

आता होल्स्टर. मांडीवर लोंबणारं, पट्ट्याच्या फटीतून खाली सोडलेलं जे तुम्ही पाहिलंत ते विसाव्या शतकातल्या चित्रपटांसाठी घडलेलं रूप आहे. गोळ्यांचे खण तर नेव्हीला लागूच नाहीत. तिच्यात धातूचं काडतूस जात नाही. सिलिंडरमध्ये पुढून दारू आणि गोळी ठासायची आणि मागच्या टोकावर टोपी (घोडा आपटला की ठिणगी पाडणारी) बसवायची. १८५८ च्या कमरेवर काडतुसांची रांग दिसली की जाणकार प्रेक्षक तिथेच थांबतो.

तुमच्यासमोर दोनच पर्याय आहेत. एक, बंदुकीच्या आकाराला चिकटून बसणारं निमुळतं, उघड्या तोंडाचं. कॅलिफोर्नियात सोन्याच्या शोधाच्या काळात ते चाललं. दुसरं, वरून झाकण येणारं लष्करी. तुमचं पात्र लष्करी आहे, तेव्हा झाकणवालंच.

नेपथ्यवाली
झाकणाला माझा विरोध आहे, आणि कारण रंगमंचाचं आहे. नट एका हाताने झाकण उघडणार, दुसऱ्या हातात तलवार किंवा कागद असणार, वर दिव्यांचा उजेड डोळ्यांत. चार-पाच सेकंद जातात. त्या सेकंदांत प्रसंग मरतो. उघड्या तोंडाचं घ्या, घोड्याच्या (मागे खेचायच्या) टोकात अडकवायला बारीक वादी ठेवा. अंगठ्याने वादी सरकली की रिव्हॉल्वर हातात.

जुनी_शस्त्रे
ताई, झाकण शोभेसाठी नव्हतं. टोप्यांवर पाणी किंवा धूळ गेली की बार फुकट जायचा, म्हणून लष्कराने ते ठेवलं. सातपुड्याच्या जंगलात फिरणारा अधिकारी ते उघडं ठेवणार नाही.

नेपथ्यवाली
मान्य. मग झाकण शिवा, पण ते मागे दुमडून पट्ट्याखाली खोचता येईल एवढं मऊ करा. प्रवेशाआधी विंगेत दुमडून घ्यायचं. दुमडते तिथली जाडी आतून तासली की हे जमतं.

आरी_आणि_रापी
दोघांचंही जमेल. झाकण वेगळ्या तुकड्याचं करा आणि मागच्या पाठीला वरून शिवा. पाठ ३ मिलिमीटरची, झाकण २ चं. एकाच तुकड्यात काढलं तर झाकणही ३ मिलिमीटरचं होतं आणि दुमडताना दाण्याला (चामड्याच्या वरच्या पापुद्र्याला) भेगा पडतात.

आता चामड्याचं सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. बठ्ठं चामडं सारखं नही रहास, भो. बाजारात जॅकेट-पर्सचं मऊ चामडं मिळतं ते क्रोमवर कमावलेलं. त्याला ओलं करून आकार दिला तरी वाळल्यावर ते पुन्हा ढिलं पडतं, तोंड मिटतं, आणि रिव्हॉल्वर परत आत घालायला दोन हात लागतात. तुम्हाला हवं साल-हिरड्यावर कमावलेलं, कोल्हापुरी चपलेच्या जातीचं. ते ओलं केलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की तसंच राहतं.

ओळखायचं असं. कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याचा गाभा निळसर-राखाडी दिसतो, सालीचा आरपार तांबूस-पिवळा. रंगवलेल्या तुकड्याची ताजी कड कापून बघा, जुनी नको. मग पाण्याचा थेंब टाका, सालीचं चामडं तो लगेच पितं आणि डाग काळवंडतो. तरी शंका राहिली तर बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात टाका. सालीची आक्रसून गुंडाळते, क्रोमची फारशी हलत नाही.

आपल्याकडे जाड माल बहुतेक म्हशीचा. दाणा जरा भरड असतो, त्याचं काही नाही. पण तुकडा पाठीचा मागा. पोटाकडचा सैल असतो, दोन बोटांत धरून वाकवला की वरचा दाणा सुरकुततो आणि सुरकुती तशीच राहते. असला तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

जाडी ३ ते साडेतीन मिलिमीटर. किलोभर वजनाला अडीच कमी पडतं, तोंड लवतं. चारच्या वर गेलं तर बारीक वळणं उठत नाहीत.

शिरपूरकर
असं चामडं खानदेशात कुठे शोधायचं? चपलांच्या दुकानात दीड-दोन मिलिमीटरच्या वर दिसत नाही.

तापीकाठ
सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा. दत्तजयंतीला भरते, तापीच्या काठावर. तिथे खोगीर, लगाम, तंग विकणारे कारागीर येतात. त्यांच्याकडे लागणारं चामडं तुमच्याच जाडीचं आणि जातीचं असतं, शिवाय जाड कामाची शिलाई त्यांच्या हातात असते. तंगाच्या पट्ट्यासोबत उरलेला तुकडा मागितला तर मिळू शकतो. एरवी पोळ्याच्या आधी बैलांच्या साजाच्या दुकानांत विचारा. घुंगराच्या चामडी पट्ट्या करणाऱ्यांकडे जाड माल असतो, पण तो पुष्कळदा तेलात मुरवलेला असतो. तेलकट चामडं आकार धरत नाही. कोरडा तुकडा मागा.

यावल_रोड
विकतचं तयार होल्स्टर घेऊन आतून रबरी शीट लावली तर चालेल का? शिवणकामाच्या भानगडीत कशाला पडायचं?

आरी_आणि_रापी
रबराने नळी घट्ट बसेल, पण काढताना रबर धातूला धरून ठेवतं आणि उन्हाळ्यात चिकट होतं. आणि मापाचा प्रश्न तसाच राहतो. तयार मिळणारी बरीचशी १८७३ च्या (कोल्टच्याच, पण काडतूस घेणाऱ्या) धाटणीसाठी असतात. त्या रिव्हॉल्वरच्या नळीच्या उजव्या बाजूला काडतूस ढकलायच्या दांडीची नळकांडी असते. नेव्हीच्या नळीखाली ठासणीचा दांडा असतो. पोटाचा आकारच वेगळा. नेव्ही त्यात शिरेल, पण आत हलेल, आणि हललं की पट्टा चालताना मांडीवर आपटतो.

जुनी_शस्त्रे
यात भर घालतो. नेव्ही चामड्याला तीन जागी घासते, त्या आधी बघून ठेवा. पहिली, डाव्या बाजूला नळी धरून ठेवणारी पाचर. तिचं डोकं थोडं वर असतं. प्रतिकृतीत ते ओबडधोबड असतं, बारीक कानशीने कड मारून घ्या. दुसरी, ठासणीच्या दांड्याची कुंडी, नळीच्या टोकाखाली. टाका तिथे आतून उघडा राहिला तर ती दोरा धरते. तिसरी, सिलिंडरच्या मागची ढाल. पुढची माशी (नेम धरायची खूण) मात्र त्रास देत नाही, ती नेव्हीत पितळेचा छोटा मणी आहे. १८७३ वाल्याला उंच पात्यासारखी माशी असते, त्यासाठी आत खोबण ठेवावी लागते. तुम्हाला गरज नाही.

रंगपट_अमळनेर
सगळ्यांचे आभार. म्हणजे शिवून घेणंच ठीक दिसतंय. मंडळातला एक जण शिवायला तयार आहे, पण होल्स्टर कधी केलेलं नाही. माप कसं घ्यायचं ते कोणी सविस्तर सांगेल का? आणि अधिकाऱ्याच्या छातीवरून तिरका पट्टाही घ्यायचा विचार आहे, फोटोंत असतो तसा.

जुनी_शस्त्रे
तिरका पट्टा नको. तो सॅम ब्राउन या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. त्याचा डावा हात रोहिलखंडातल्या लढाईत ऑगस्ट १८५८ मध्ये गेला, आणि तो पट्टा त्यानंतरचा. तुमची अंबापाणीची लढाई एप्रिल १८५८ ची. चार महिने आधी तो पट्टा कोणाच्या अंगावर असणं शक्य नाही. फोटो आहेत ते पुढच्या पिढ्यांचे. साधा कमरपट्टा, दोन इंची, पितळी बकल. तलवार डावीकडे, होल्स्टर उजवीकडे, मूठ पुढे वळलेली.

आणि झाकणाला टिचबटण लावू नका. ते १८८५ नंतरचं. पितळी घुंडी बसवा आणि झाकणाला छिद्र पाडून वरच्या बाजूने छोटी चीर द्या. घुंडी त्या चिरेतून दाबून बसते आणि खेचल्याशिवाय निघत नाही.

आरी_आणि_रापी
मापाचं लिहितो. घाई करू नका, इथे गेलेला तास पुढे चामडं वाचवतो.

मोठ्या पुठ्ठ्याची मधोमध घडी घाला. घडीच्या रेषेपासून एक सेंटिमीटर आत नळीची वरची बाजू येईल असं रिव्हॉल्वर आडवं ठेवा. हे एक सेंटिमीटर म्हणजे नळीच्या जाडीच्या साधारण निम्मं. पेन्सिल सरळ उभी धरून बाह्यरेषा काढा. तिरकी धरली की तीन-चार मिलिमीटर चुकतात.

आता चापाभोवतीच्या कडीच्या बाजूला शिवणीची रेषा. सिलिंडरची जाडी व्हर्नियरने मोजा. तिच्या निम्म्यात चामड्याची एक जाडी मिळवा. सिलिंडर ४० मिलिमीटर निघाला तर २० अधिक ३, म्हणजे बाह्यरेषेपासून २३ मिलिमीटर बाहेर शिवणीची रेषा. नळीकडे जाताना ती हळूहळू जवळ आणा, कारण नळी सिलिंडरच्या निम्म्याहून थोडी कमी जाड. रेषेबाहेर १० मिलिमीटर कडेसाठी.

हा आकार लगेच चामड्यावर उतरवू नका. जाड रेग्झीनवर काढा, कड पिनांनी धरा, रिव्हॉल्वर घालून बघा. रेग्झीन चामड्यापेक्षा पातळ असतं, म्हणून त्यात ते किंचित सैल वाटायला हवं. घट्ट वाटलं तर चामड्यात जाणारच नाही.

दोन कडांच्या मध्ये त्याच चामड्याची दहा-बारा मिलिमीटर रुंद पट्टी घाला. बरेच जण ही सोडतात. पट्टी नसली तर धातू थेट टाक्यावर घासतो, दोरा आतून कापला जातो, आणि बाहेरून काही कळत नाही तोवर एक दिवस शिवण उसवते.

सगळ्यात महत्त्वाचं: पट्ट्याची कडी आणि झाकण आधी पाठीला शिवा, मग बाजूची शिवण बंद करा. उलट केलं तर आत हात जात नाही, सुई जात नाही, आणि सगळं उसवावं लागतं.

नेपथ्यवाली
टाका हाताने की मशीनने? आमच्या गल्लीतला सीटकव्हरवाला मशीनवर पाच मिनिटांत करून देईन म्हणतो.

आरी_आणि_रापी
हाताने, दोन सुयांनी. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे सुटत जातात. दोन सुयांच्या टाक्यात प्रत्येक छिद्रातून दोन्ही टोकं आरपार जातात, एक जागा झिजली तरी बाकी शिवण उभी राहते.

शिवण साधारण ३० सेंटिमीटर भरते. छिद्रं चार-चार मिलिमीटरवर, म्हणजे पंचाहत्तर. मेण लावलेला एक मिलिमीटरचा दोरा, थर जाड आहेत म्हणून शिवणीच्या सातपट लांब आणि वर हातभर जास्त, म्हणजे साधारण अडीच मीटर. तीन थर मिळून ९ मिलिमीटर होतात, तेव्हा आरी सरळ उभी घाला. तिरकी गेली की पुढचे टाके रेषेत आणि मागचे नागमोडी. मागची बाजू सतत उलटून बघा. शेवटी तीन टाके मागे घ्या आणि दोरा कडेशी कापा.

कडा रापीने एकसारख्या करा, वाळूकागद फिरवा, मग ओलं बोट आणि लाकडाचा गुळगुळीत दांडा. कड गरम होईस्तोवर घासली की चकाकते. त्यावर मधमाशीचं मेण. याला रंग लागत नाही.

फैजपूर_केळी
आता मे महिना. इथे पारा पंचेचाळीसला टेकतो. ओलं करून आकार द्यायचा असेल तर गच्चीवर उन्हात तासाभरात वाळेल, तेही सोपंच.

आरी_आणि_रापी
अजिबात नको. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला ओला राहतो, आणि दाण्याला बारीक भेगा पडतात. जास्त तापलं तर चामडं पापडासारखं कडक होतं, वाकवलं की तुटतं.

कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की काढा. प्लास्टिकच्या पिशवीत तीन-चार तास बंद ठेवा, ओल सारखी मुरते. बाहेर काढल्यावर मूळ रंग परत येऊ लागला की ती आकार द्यायची वेळ. त्याआधी दाबलं तर ठसा राहत नाही. मग सिलिंडर, पाचर, ठासणीचा दांडा यांच्या कडा अंगठ्याने आणि हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडी पट्टीने उठवा. नखं लांब असतील तर कापून घ्या. ओल्या चामड्यावर नखाची चंद्रकोर उमटली की ती जन्मभर तशीच.

वाळवायचं घरात, सावलीत, आपल्याकडच्या मेमध्ये वर किंचित ओलसर सुती फडकं टाकून. एक दिवस पुरतो, दोन दिले तर उत्तम. पंखा थेट नको.

जुनी_शस्त्रे
आकार देताना रिव्हॉल्वर आत घालणार असाल तर आधी स्वयंपाकघरातल्या चिकट प्लास्टिकचे तीन थर गुंडाळा. तुमची प्रतिकृती जस्ताची आहे. मुलामा एकदा उडाला की उघड्या जस्तावर पांढरी पूड धरते आणि ती आत आत खाते. शिवाय हा धातू ठिसूळ, ओल्या चामड्यात जोराने कोंबताना ठासणीच्या दांड्याची खीळ तुटते. सुताराकडून सागाचा साचा करून घेतला तर सगळ्यात सुरक्षित. घोडा आणि मूठ नसली तरी चालते, नळी, सिलिंडर आणि कडी अचूक हवी.

शिरपूरकर
काळा रंग द्यायचा तर बुटाचं पॉलिश?

आरी_आणि_रापी
पॉलिश नटाच्या पांढऱ्या विजारीला लागेल. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजवा, झाकण सैल ठेवा म्हणजे वायू निघून जातो. ते पाणी गाळून सालीच्या चामड्यावर लावलं की चामडं स्वतःच काळं होतं, कारण लोखंड आणि सालीतला तुरटपणा यांची जोडी काळी पडते. हिरड्याची काळी शाई याच गुणाने होते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या फिक्या पाण्याने पुसा, नाहीतर आंबटपणा आत राहतो आणि चामडं कमजोर होतं. हे सगळं शिवण्याआधी, आणि साच्यावर चढवण्याच्याही आधी.

पण माझं मत विचाराल तर नैसर्गिक रंग ठेवा. दिव्याखाली तांबूस चामडं काळ्यापेक्षा लांबून स्पष्ट दिसतं, आणि वापरात ते आपोआप गडद होत जातं.

यावल_रोड
शेवटी करडईचं तेल लावायचं ना? घरात घाण्याचं आहे.

तापीकाठ
नाही आप्पा. खाद्यतेल खवट होतं, खानदेशी उन्हात चिकट होऊन धूळ धरतं. जनावराच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं चामड्याचं तेल मिळतं, त्याचा एकच पातळ हात द्या. दुसरा हात दिला की मेहनतीने आणलेला ताठपणा जातो.

चोपडा_नाका
एक गोष्ट राहिली. आमच्या बाजूला गावठी कट्ट्यांमुळे नाकाबंदी नेहमीची असते. प्रतिकृती कमरेला लावून मोटारसायकलवर तालमीला जाऊ नका. बंद पेटीत, होल्स्टर वेगळं, सोबत खरेदीची पावती. मिरवणुकीत किंवा उघड्यावर प्रयोग असेल तर ठाण्यात आधी लेखी कळवा. आणि नळीत भोक पाडणं, टोपी फोडण्याजोगं करणं असले प्रयोग कोणी सुचवले तर साफ नकार द्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करायला परवाना लागतो.

रंगपट_अमळनेर
खूप मोलाची माहिती मिळाली. ठरलं असं: सालीचं ३ मिलिमीटर, झाकण वेगळं २ चं आणि दुमडणारं, पितळी घुंडी, नैसर्गिक रंग, सागाच्या साच्यावर. दोनच शंका उरल्या. टोक उघडं ठेवू की बंद? आणि कपाटात रिव्हॉल्वर होल्स्टरमध्येच ठेवलं तर?

नेपथ्यवाली
टोक उघडं ठेवा. रंगमंचावरची धूळ आणि बाहेरची माती खालून निघून जाते. बंद टोकात ती साठते आणि नळीच्या तोंडाचा मुलामा खरवडते. लष्करी नमुन्यात टोक बंद हवंच असेल तर गोल चकती शिवून तिला मधोमध पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा.

जुनी_शस्त्रे
होल्स्टरमध्ये ठेवू नका. चामडं पावसाळ्यात ओल धरतं, सालीचा आंबटपणा त्यात असतोच. पितळी भागाला देवघरातल्या समईसारखा हिरवा कळंक चढतो, जस्तावर पांढरी पूड. कपाटात दोन्ही शेजारी शेजारी मांडा. होल्स्टरमध्ये साचाच घालून ठेवा म्हणजे आकार टिकतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांनी काच उघडून कोरड्या फडक्याने पुसा. बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि सावलीत एक दिवस ठेवा.

आरी_आणि_रापी
पट्टा दोन इंची म्हणालात, म्हणजे ५० मिलिमीटर. कडीची आतली लांबी ५० ठेवू नका. पट्ट्याची स्वतःची जाडी धरून ५६ ठेवा, नाहीतर सगळं शिवून झाल्यावर पट्टाच आत जाणार नाही. उद्या पुठ्ठ्यावरची रेषा काढून झाली की फोटो इथे टाका. चामडं कापण्याआधी एकदा बघतो.

रंगपट_अमळनेर
टाकतो, दादा. व्हर्नियर मिळालं आहे, सिलिंडर ३९ भरला.

आरी_आणि_रापी
मग शिवणीची रेषा साडेबावीसवर घ्या.